रकाना कोरा सोडू नये : कर्नेलमधल्या न पुसलेल्या पाटीची गोष्ट

ज्यांचा एपिसोड कशेडी घाटात रेंज गेल्यामुळे अर्ध्यावर राहिला, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्या सगळ्यांसाठी हा लिखित एपिसोड. जसं बोललो तसंच ठेवलंय. दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, तेवढं फक्त नीट केलंय.

माझे बाबा महसूल खात्यात कारकून होते. महाड आणि पोलादपूर, या दोन तालुक्यांतच त्यांची बरीच नोकरी गेली. मी दहावीनंतर स्कॉलरशिपचा फॉर्म भरत बसलो होतो, तेव्हा एक रकाना मला लागू नव्हता म्हणून कोरा सोडला. बाबांनी फॉर्म उचलला आणि म्हणाले, "अरे, कोरा कशाला ठेवलास? रेघ मार, नाहीतर निरंक लिही. कोऱ्या जागेत उद्या कोण काय लिहील, तुला काय माहीत?" तेव्हा वाटलं, सरकारी माणसाची सवय आहे, दुसरं काय.

पण ही सवय फार जुनी आहे हो. रायगड आमच्या महाड तालुक्यातच येतो. शिवकाळातली पत्रं पाहिलीत तर वर राजमुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे एक छोटी मुद्रा असते, मर्यादेची. पत्र इथे संपलं, याच्या खाली कुणी काही लिहिलं असेल तर ते आमचं नाही, असा तिचा अर्थ. पुढे पेशवाईतल्या पत्रांवर लेखनसीमेचा शिक्का येतो, त्याचंही काम तेच. म्हणजे कागदावर उरलेली कोरी जागा धोक्याची असते, हे आपल्याकडच्या चिटणिसांना साडेतीनशे वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. कॉम्प्युटरवाल्यांना तेच कळायला, आणि कळल्यावर त्याचा बंदोबस्त करायला, जवळपास पन्नास वर्षं लागली. आजचा एपिसोड त्या पन्नास वर्षांचा आहे.

आधी कर्नेल म्हणजे काय ते दोन ओळींत. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नेलवर चालतो. मेमरी कुणाला किती द्यायची, कॅमेरा कुणी वापरायचा, फाइल कुठे लिहायची, हे सगळं कर्नेल ठरवतो. कुठल्याही अ‍ॅपला थेट आत जाता येत नाही. कचेरीच्या खिडकीतून अर्ज द्यायचा, आतून उत्तर येतं. त्या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. आत सगळ्यांचे कागद आहेत, तुमचे, माझे, बँकेच्या अ‍ॅपचे. खिडकीतून बाहेर काय जातं, त्यावर सगळी भिस्त.

आता पाटी. प्रोग्रॅममधलं एखादं फंक्शन चालायला लागलं की त्याला मेमरीचा एक तुकडा मिळतो, स्टॅकवरचा. काम संपलं की तुकडा परत. पण परत करताना पुसत कुणी नाही. पुढचं फंक्शन येतं, तीच पाटी हातात घेतं, आणि पाटीवर आधीच्याची बेरीज तशीच असते. नवीन फंक्शनने स्वतःचं लिहिण्याआधीच वाचलं, तर आधीच्याचं वाचलं जातं. मराठीत आपण 'कोरी पाटी' म्हणतो तेव्हा पुसलेली पाटी डोळ्यांसमोर असते. कॉम्प्युटरच्या मेमरीत 'अजून काही लिहिलेलं नाही' याचा अर्थ 'पुसलेली आहे' असा होत नाही. आजचा सगळा घोळ एवढ्यावरच उभा आहे.

हे असं ठरवलं कुणी? डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा बनवली, पीडीपी-११ या मशीनवर. मेमरी किलोबाइटमध्ये मोजायचे, एकेक सूचना मोलाची होती. त्यांनी नियम केला की प्रोग्रॅमभर टिकणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये सुरुवातीला शून्य असेल, पण फंक्शनच्या आतल्या तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये काय असेल ते सांगता येणार नाही. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं काही नाही. लिहायचंच आहे तर आधी पुसण्यात वेळ का घालवा, हा हिशेब त्या काळी चुकीचा नव्हता, असं माझं मत. अडचण पुढे झाली. १९७३ मध्ये युनिक्सचं कर्नेल सीमध्ये लिहिलं गेलं, १९९१ मध्ये लिनक्स आलं तेही सीमध्येच. पीडीपी-११ गेलं म्युझियममध्ये, नियम मात्र आपल्या खिशापर्यंत आला.

आता कुणी म्हणेल, मग एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपचे मेसेज दिसत असतील? नाही. कर्नेल एखाद्या अ‍ॅपला मेमरीचं नवं पान देतो तेव्हा ते शून्याने भरूनच देतो. हा पहिला बांध पूर्वीपासून आहे आणि मजबूत आहे. ढिलाई आहे ती कर्नेलच्या स्वतःच्या घरात. कर्नेलमधल्या कोडला मेमरी लागली तर केमॅलॉक नावाचं फंक्शन वापरतात, ते न पुसलेली मेमरी देतं. पुसलेली हवी असेल तर केझॅलॉक, ते २००५ मध्ये आलं. दोन्ही आहेत, कुठलं वापरायचं ते लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचं. आणि मंडळी, ज्या व्यवस्थेत हजारो लोकांनी प्रत्येक वेळी लक्षात ठेवावं लागतं, तिथे काय होतं ते आपण सगळे जाणतो.

बरं, लक्षात ठेवूनही सुटत नाही. ही माझी आवडती भानगड आहे, जरा सावकाश सांगतो. घरातला मिसळणाचा डबा आठवा. मोठा गोल डबा, आत सात वाट्या. समजा, आईने सातही वाट्या घासल्या, ताजी हळद, तिखट, मोहरी भरली आणि डबा शेजारी दिला. शेजारणीने उघडून पाहिलं तर वाट्या लखलखीत, पण वाट्यांच्या मधल्या फटींत गेल्या वर्षीची हळद आणि चार मोहऱ्या. सीमधलं स्ट्रक्चर असंच असतं. त्यात एक बाइटचं अक्षर आणि त्याच्यापुढे चार बाइटचा आकडा ठेवला, तर आकडा नीट बसावा म्हणून कंपायलर मधे तीन बाइट रिकामे सोडतो. प्रोग्रॅमरने दोन्ही रकाने भरले, चूक काहीच केली नाही, पण कर्नेलने अख्खा डबा उचलून खिडकीतून बाहेर दिला की ते तीन बाइट पण बाहेर जातात. त्यात आधीच्याचं काहीही असू शकतं. उपाय एकच, वाट्या भरण्याआधी अख्खा डबा पुसायचा. त्याला मेमसेट म्हणतात.

तीन बाइटने काय होतंय, असं मलाही वाटायचं. पण गळणारी गोष्ट परत परत मागता येते. कधी पासवर्डचा तुकडा मिळेल, कधी कर्नेलच्या आतला पत्ता. पत्ता जास्त वाईट. हल्लेखोरापासून लपावं म्हणून कर्नेल दर वेळी सुरू होताना मेमरीत वेगळ्या जागी जाऊन बसतो. एक पत्ता फुटला की लपण्यात अर्थच उरत नाही.

एक खरं उदाहरण घ्या. एका प्रोसेसने दुसऱ्या थ्रेडला सिग्नल पाठवण्यासाठी टीकिल नावाचा सिस्टिम कॉल आहे. त्यातल्या स्ट्रक्चरचे काही रकाने भरले जायचे, बाकीचे तसेच राहायचे, आणि कर्नेलच्या स्टॅकवरचं जुनं काहीतरी बाहेर दिसायचं. एप्रिल २०१३ मध्ये एमेशे रेव्हफी यांनी ते दुरुस्त केलं. या बगचा नंबर सीव्हीई-२०१३-२१४१. दुरुस्ती किती मोठी? व्हेरिएबलच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि रिकामा महिरपी कंस. = {} एवढंच. बाबांच्या भाषेत, रेघ मारली.

या बगमुळे पॅक्स नावाच्या गटाने कंपायलरसाठी एक प्लगिन बनवलं, स्ट्रक्टलीक. असे रकाने सापडले की ते स्वतःच पुसून टाकायचं. मुख्य लिनक्समध्ये ते २०१७ मध्ये आलं. म्हणजे माणसाने लक्षात ठेवण्याऐवजी यंत्राने पुसायचं, ही कल्पना हळूहळू आत शिरत होती. पण त्याच घरात दुसरी एक प्रथाही चालू होती, आणि ती मला जास्त ओळखीची वाटते.

जीसीसी कंपायलर सांगतो की हे व्हेरिएबल कदाचित न भरताच वापरलं जातंय. 'कदाचित' हा शब्द महत्त्वाचा. कोडमधून जाण्याच्या वाटा इतक्या असतात की कुठली खरंच घडेल हे कंपायलरला दर वेळी ठरवता येत नाही, आणि हे गणितानेच सिद्ध आहे. वाटा तपासण्याच्या या शास्त्राला डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस म्हणतात. त्यावरचं एक नावाजलेलं पुस्तक २००९ मध्ये आलं, ते आपल्याच आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर, अमिताभ संन्याल आणि बागेश्री करकरे यांचं. खेडकर सरांनी तिथे जीसीसीवर संशोधन करणारं केंद्रही चालवलं. इंजिनिअरिंगच्या मुलांनो, ते पुस्तक जड आहे, पण पहिली काही प्रकरणं वाचाच.

तर कंपायलर कधी कधी खोटा आरडाओरडा करतो. त्याला कंटाळून कर्नेलवाल्यांनी एक मॅक्रो केला होता. तो व्हेरिएबलमध्ये त्याच व्हेरिएबलची किंमत भरायचा, एक्स बरोबर एक्स. पाटी पुसली नाही, काही नाही, फक्त कंपायलरचं तोंड बंद. शेकडो ठिकाणी तो वापरला गेला. एकदा तोंड बंद केलं की पुढे कोड बदलून खरा बग आला तरी कुणी ओरडणार नाही. २०२० मध्ये केस कुक यांनी तो मॅक्रो सगळीकडून उपटून काढला.

तोंड बंद करण्याची सगळ्यात महाग किंमत मात्र कर्नेलबाहेर मोजली गेली. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीवर व्हॅलग्राइंड नावाचं तपासणीचं साधन सारखी तक्रार करत होतं, न भरलेली मेमरी वापरताय म्हणून. तक्रार थांबावी म्हणून दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक ओळ खरोखरची अनिश्चितता गोळा करणारी होती. ती गेली आणि गुप्त किल्ल्या बनवताना फक्त प्रोसेसचा नंबर तेवढा बदलता उरला. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका प्रकारच्या फक्त ३२ हजार आणि काही किल्ल्या. साधा लॅपटॉप त्या सगळ्या बनवून ठेवू शकतो. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं, तोवर जवळपास दोन वर्षं लोक त्याच किल्ल्यांनी सर्व्हरची दारं लावत होते.

म्हणजे शोधायचं कसं, हा वेगळा प्रश्न होता. वाचून सापडत नाही, चालवूनही सापडत नाही, कारण न पुसलेल्या पाटीवर बहुतेक वेळा काहीतरी चालण्याजोगं असतंच. २००९ मध्ये लिनक्समध्ये केमेमचेक आलं, व्हेगार्ड नोसुम यांचं. मेमरीला हात लागला की थांबून बघायचं, हे आधी भरलं होतं का? त्यामुळे ते गोगलगायीच्या वेगाने चालायचं, आणि २०१७ च्या शेवटी काढून टाकलं गेलं. विंडोज कर्नेलची अवस्था वेगळी होती असं समजू नका. मातेउश युर्चिक या गूगलच्या संशोधकाने २०१७-१८ मध्ये अख्खं विंडोज एका नकली कॉम्प्युटरमध्ये चालवून अशा गळत्या शोधल्या, सत्तरहून जास्त निघाल्या. आणि डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ सोबत केएमसॅन आलं, त्यामागे अलेक्झांडर पोटापेंको. मेमरीच्या प्रत्येक बिटला एक सावलीचा बिट, तो सांगतो की हा भरलाय की नाही. सावली व्हेरिएबलसोबत फिरते, आणि न भरलेली गोष्ट निर्णयात वापरली किंवा खिडकीतून बाहेर निघाली की घंटा वाजते. सिझबॉट नावाचा गूगलचा रोबो कर्नेलवर रात्रंदिवस उलटेसुलटे सिस्टिम कॉल फेकत असतो आणि केएमसॅनच्या घंटांची यादी सगळ्यांसमोर मांडतो. कर्नेलमध्ये पहिला पॅच पाठवायचा असेल तर ही यादी उत्तम सुरुवात आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथूनच शिकतायत.

याच काळातला एक बग तुम्हाला घाबरवायला सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलच्या अँडी न्युएन यांनी लिनक्सच्या ब्लूटूथ कोडमधले बग जाहीर केले. त्यातला एक असा, की जवळपासच्या कुणीही, जोडणी न करता, एक विशिष्ट प्रश्न विचारला तर कर्नेल उत्तराच्या स्ट्रक्चरमधले सुरुवातीचे रकाने भरायचा आणि पुढचे १६ बाइट न पुसता हवेतून पाठवून द्यायचा. त्यात कर्नेलचे पत्ते. दुसऱ्या बगशी जोडून त्यांनी पूर्ण मशीनचा ताबा घेऊन दाखवला. अँड्रॉइडवाल्यांनो, घाबरू नका, तुमच्या फोनात ब्लूटूथचा कोड वेगळा असतो. लिनक्स लॅपटॉपवाल्यांना मात्र त्या दिवशी अपडेट मारावं लागलं.

या सगळ्या वैतागातून शेवटी ठरलं की सरसकट पुसा. सप्टेंबर २०१९ मध्ये लिनक्स ५.३ मध्ये सोय आली, मेमरी देतानाच शून्य करून द्यायची. खर्च किती? कर्नेलच्याच नोंदीप्रमाणे बहुतेक कामांत एक टक्क्याहून कमी, मुद्दाम बनवलेल्या चाचण्यांत सात टक्क्यांपर्यंत. पन्नास वर्षं ज्या खर्चाच्या नावाने अडलं होतं, तो एवढा होता! स्टॅकसाठी क्लँग कंपायलरमध्ये पर्याय आला, पण तिथे वाद. एक पक्ष म्हणे, शून्याने भरू नका, वेड्यावाकड्या नक्षीने भरा, म्हणजे बग असेल तर प्रोग्रॅम लगेच कोसळेल आणि कळेल. शून्याने भरलं की लोक त्यावर विसंबतील आणि भरायचं सोडूनच देतील. म्हणून क्लँगमध्ये शून्याचा पर्याय चालू करायचा तर 'हे पुढे काढून टाकलं जाणार आहे हे मला माहीत आहे' अशा अर्थाचं लांबलचक कलम टाइप करावं लागायचं. प्रतिज्ञापत्रच की! शेवटी काढलं गेलं ते कलम, शून्य राहिलं. जीसीसीमध्येही २०२२ मध्ये ही सोय आली. अँड्रॉइड ११ पासून तुमच्या फोनात हे पुसणं बऱ्याच अंशी चालू आहे, मायक्रोसॉफ्टनेही विंडोजमध्ये स्टॅक पुसायला सुरुवात केली.

मी शून्यवाल्यांच्या बाजूने आहे, गळती थांबते हे आधी महत्त्वाचं. पण नक्षीवाल्यांचं म्हणणं मला स्वतःच्या अनुभवातून कळलंय, तेवढं सांगतो आणि थांबतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गेला. एसटी गेल्या, माणसं गेली. आमच्या भागातल्या प्रत्येकाच्या मनात ती रात्र आहे. म्हणून बीटेकच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्ट घेतला, ओढ्याच्या पाण्याची पातळी मोजायचा. साकवाखाली अल्ट्रासोनिक सेन्सर, वर डब्यात रास्पबेरी पाय, आणि त्यासाठी मी स्वतः लिहिलेला छोटासा लिनक्स ड्रायव्हर. घरात स्क्रीनवर सेंटीमीटरमध्ये आकडा.

सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर माझं फंक्शन एरर परत करायचं आणि पातळीचं व्हेरिएबल भरायचं नाही. मी एरर तपासलाच नव्हता. कंपायलरने सांगितलं होतं, कदाचित न भरताच वापरताय. मी दुर्लक्ष केलं, कारण स्क्रीनवर आकडा बरोबर दिसत होता. दिसणारच! स्टॅकवर त्याच जागी मागच्या वेळचा आकडा पडलेला असायचा. सेन्सर मेला तरी पाणी मघाशी होतं तेवढंच दाखवायचा. सादरीकरणाच्या आदल्या रात्री वॉर्निंग नको म्हणून मी पुढे बरोबर शून्य लिहिलं. कंपायलर गप्प, मी खूश, मार्क चांगले.

त्या जुलैत एका संध्याकाळी धो धो पाऊस, ओढ्याचा आवाज घरात येतोय, आणि स्क्रीनवर शून्य. बाबा चहा घेत बघत होते. म्हणाले, "पाणी शून्य?" मी म्हटलं, "बाबा, सेन्सरकडून काही येत नाहीये, म्हणून शून्य." ते म्हणाले, "मग तसं लिही ना. पावसाळ्यात आम्ही गावागावांतून अहवाल मागवायचो. ज्या गावात नुकसान नाही, त्याच्यापुढे निरंक. ज्या गावाचा फोनच लागला नाही, त्याच्यापुढे अप्राप्त. अप्राप्तच्या जागी कुणी निरंक लिहिलं, तर रात्री त्या गावाला कुणी जाणार नाही. आणि बहुतेक वेळा तिथेच जायला हवं असतं."

मी त्या रात्री ड्रायव्हर परत लिहायला घेतला. एरर तपासला, आकडा आणि 'आकडा मिळाला का' हे दोन वेगळे रकाने केले, स्ट्रक्चर आधी अख्खं पुसलं. स्क्रीनवर आकडा नसेल तेव्हा मोठ्या लाल अक्षरांत 'अप्राप्त' यायला लागलं. पहिल्याच आठवड्यात चार वेळा आलं. साकवाखाली जाऊन पाहिलं, तर वायर उंदरांनी कुरतडली होती.